मधलं गाळायचं नाही

माझे वडील पाळक होते. जालन्यात आमचं चर्च, चर्चच्या भिंतीला लागून आमचं दोन खोल्यांचं घर, आणि मागची गल्ली ओलांडली की मशीद. जालन्याच्या मंडळीशिवाय राजूर, भोकरदन, जाफराबाद या बाजूची चार-दोन घरंही वडिलांकडे होती. तिकडे ते एसटीनं जायचे. पिशवीत शास्त्र, म्हणजे बायबल, भाकरी आणि छत्री. लोक त्यांना मान द्यायचे, पण खरं सांगायचं तर त्यांच्या उपदेशाला कंटाळायचे. आमच्या वडिलांना एक वेड होतं, आणि ते वेड ऐकणाऱ्याचा अंत पाहणारं होतं.

जुन्या कराराच्या अगदी शेवटी बारा लहान पुस्तकं आहेत, इब्री लोकांच्या बारा संदेष्ट्यांची. काही तर इतकी लहान की पान उलटलं की संपली. त्यांची नावं घेताना जीभ वळायची नाही, म्हणून लहानपणी मी त्यांना माझीच नावं ठेवली होती. बायको सोडून गेलेला, टोळवाला, मेंढपाळ, मासेवाला. वडील हसायचे, पण अडवायचे नाहीत. त्यांचं म्हणणं असं की ही बारा पुस्तकं नाहीतच. हे एकच पुस्तक आहे, बारा तोंडांनी बोललेलं, आणि ते पहिल्यापासून शेवटपर्यंत एका दमात वाचलं तरच कळतं.

एकदा बाहेरगावाहून एक शिकलेले तरुण उपदेशक आले होते. त्यांनी वडिलांना समजावलं की ही माणसं वेगवेगळ्या शतकांतली, एकमेकांना ओळखतसुद्धा नव्हती. वडिलांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असतील हो. पण कुणीतरी बसून याच क्रमानं ठेवली ना? ठेवणाऱ्याला काय अक्कल नव्हती?"

मग ते नेहमीचं उदाहरण द्यायचे. देव दयाळू आहे, त्याला राग यायला उशीर लागतो, अशा अर्थाचं एक वाक्य या बारांमध्ये पुन्हा पुन्हा येतं. टोळवाला ते घेऊन लोकांना विनवतो की बाबांनो, अजून वळा. मासेवाला तेच वाक्य देवाच्या तोंडावर फेकतो, की मला ठाऊकच होतं, तू त्या पापी शहराला सोडून देशील. त्याच्या पुढचा त्याच वाक्याचं स्तोत्र करतो. आणि त्याच्याही पुढचा त्याला धार लावतो, की राग उशिरा येतो, पण आला की सोडत नाही. ज्या शहराला माफी मिळाली तेच शहर तिथं बुडतं. वडील विचारायचे, "आता यातलं एकच कुणी कापून घेतलं, तर त्याला देव कसा दिसेल?" समोरचे मान हलवायचे आणि दाराकडे बघायचे.

दर वर्षी मे महिन्यात एका शनिवारी ते चर्चमध्ये बाराच्या बारा मोठ्यानं वाचायचे. पत्र्याचं छप्पर, बाहेर जालन्याचं ऊन, आत एक पंखा. सकाळचा चहा झाला की सुरू व्हायचं आणि मागच्या मशिदीतली दुपारची अजान होऊन गेल्यावर संपायचं. सुरुवातीला बाकं भरलेली असायची. शेवटाला सात-आठ माणसं उरायची, त्यातली दोन झोपलेली. आई पहिल्या बाकावर. ती मासेवाल्याचं पुस्तक आलं की उठायची, घरी जाऊन स्वयंपाक टाकायची आणि पुढं मंदिराच्या बांधकामाचं प्रकरण सुरू झालं की पदराला हात पुसत परत यायची.

आई जन्मानं ख्रिस्ती नव्हती. जाफराबाद तालुक्यातल्या एका शेतकरी घरातली, शेत-विहीर असलेल्या तालेवार माणसांची लेक. तिची आई आजारी पडली म्हणून ती तिच्यापाशी जालन्याच्या दवाखान्यात महिनाभर राहिली होती. वडील तेव्हा तरुण, वॉर्डात खाटेखाटेपाशी बसून वाचून दाखवायचे. आई म्हणायची, "मी काही धर्म ऐकून न्हाई आले. मी आवाज ऐकून आले." लग्न झालं तेव्हा तिच्या थोरल्या भावानं निरोप धाडला की आमची बहीण मेली, आता ती आम्हाला न्हाई. त्यानंतर जाणं नाही, येणं नाही. मामाला मी पाहिलेलंसुद्धा नव्हतं. जालना जिल्हा झाला, राजूरच्या शाळेत मला मास्तरीण म्हणून नोकरी लागली, तिथून आईचं माहेर जीपनं जवळ. तरी मी कधी गेले नाही, कारण आई म्हणायची, "पयले मी जाईन. मंग तू."

आता वचनपेटीबद्दल सांगायला हवं. आमच्या मंडळीत नव्या वर्षाच्या सकाळी भक्ती झाली की वेदीपुढे एक लाकडी पेटी ठेवायचे. आत कागदाच्या बारीक गुंडाळ्या, प्रत्येकीवर शास्त्रातली एक ओळ. ज्यानं त्यानं पुढं जाऊन एक उचलायची. ते त्याचं वर्षाचं वचन. पेटीत एकही कडू ओळ नसायची, छापणाऱ्यानंच ती बाहेर ठेवलेली. आणि एक रिवाज होता, लिहिलेला नव्हता पण सगळे पाळायचे. एकदा वचन निघालं की त्याच्या उलट बोलायचं नाही. बोललं की तो अविश्वास. वडिलांना ती पेटी अजिबात आवडायची नाही. "दाळीतले खडे काढतात तसे शास्त्रातून शब्द काढलेत," म्हणायचे. पण लोकांचा आनंद कशाला मोडा, म्हणून पेटी ठेवू द्यायचे.

त्या वर्षी आईच्या पोटात दुखायला लागून दोन-तीन महिने झाले होते. ती वाळत चालली होती. नव्या वर्षाला तिनं पेटीत हात घातला आणि निघाली ती नेमकी बारांपैकी शेवटच्याची ओळ. सूर्य उगवेल आणि त्याच्या पंखांखाली बरं होणं असेल, अशा अर्थाची. मंडळीच्या पंच म्हणून काम बघणाऱ्या एका काकूंनी ती मोठ्यानं वाचली. सगळं चर्च "आमेन" म्हणालं. काही बायका रडल्या. आई इतकी उजळलेली मी कित्येक दिवसांत पाहिली नव्हती.

घरी आल्यावर तिनं चप्पलसुद्धा काढली नाही. दारातच वडिलांना म्हणाली, "अहो, हे माझ्यासाठीच ना?"

 मी आईच्या मागून वडिलांकडे डोळे वटारत होते, म्हणत होते मनात की माणसा, हो म्हण. एक शब्द. काय जातंय तुझं.

ते म्हणाले, "ती ओळ एकटी न्हाई. तिच्या आधीच्या ओळीत भट्टी पेटलीय. ती भट्टी ओलांडल्याशिवाय तो सूर्य येत न्हाई."

 आईनं तो कागद आरशाच्या चौकटीत खोचला आणि पुढचे दोन दिवस वडिलांशी अबोला धरला. मला वडिलांचा इतका राग आला की त्या आठवड्यात मी राजूरला जाताना त्यांचा निरोपसुद्धा घेतला नाही. बायको मरायला टेकली तरी ह्यांना आपलं पुस्तक सलग पाहिजे, असं मी एसटीत बसून सगळ्या रस्त्याला मनात म्हणत होते. बातमी मंडळीत पसरायला वेळ लागत नाही. काकू चार बायका घेऊन आल्या. "पाळकसाहेब, बाहेरच्यांचा विश्वास वाढवता आणि घरच्या लक्ष्मीचा मोडता?" वडील मान खाली घालून बसले. 

फेब्रुवारीत औरंगाबादला तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी वडिलांना आणि मला बाहेर बोलावून सांगितलं की आता उपाय नाही, घरी घेऊन जा. आत आई खाटेवर बसून शेजारणीला आपलं वचन सांगत होती. परतीच्या प्रवासात तिनं विचारलं, "काय म्हनले?" आणि मी वडिलांच्या आधी बोलून मोकळी झाले की म्हणाले, औषधानं उतार पडेल, वेळ लागेल. वडिलांनी खिडकीबाहेर पाहिलं. त्या दिवसापासून आमच्या घरात सगळे गोड बोलायला लागले. काकू रोज यायच्या, आरशातल्या कागदाकडे बोट दाखवायच्या आणि म्हणायच्या, "बराबर होतंय सगळं." वडीलही गप्प बसले. जन्मभर ज्यावरून इतरांना टोकलं तेच त्यांनी स्वतः केलं. आणि मला त्याचं बरंच वाटत होतं, ते तर आणखी वाईट.

आई आता एकच गोष्ट बोलायची. "दिवाळीपर्यंत अंगात ताकद येईल. भाऊबीजेला जाते मी जाफराबादला. आता धीर आलाय मला. असं आजारी तोंड घेऊन न्हाई जायचं त्याच्या दारात, त्याला वाटंल मरायला आली म्हनून आली. धडधाकट जाईन, उभ्यानं भांडीन त्याच्याशी." मी म्हणायचे, "हो आई, दिवाळीला." तिच्या डोक्याखालची उशी दिवसेंदिवस मोठी दिसायला लागली होती आणि मी दिवाळीची गोष्ट करत होते.

मे आला. वाचनाचा शनिवार आला. आई खाटेवरून उठू शकत नव्हती, आणि तिला सोडून वडील चर्चमध्ये बसणार नव्हते. आईच म्हणाली, "माझ्यापाशी वाचा ना. तेवढंच बरं वाटंल." माझी शाळेची सुट्टी होती. नेहमीसारखा सकाळचा चहा झाल्यावर वडिलांनी खुर्ची ओढली, चष्मा लावला. मी पायथ्याशी बसून माझं शास्त्र उघडलं.

बायको सोडून गेलेल्याचं पहिलं प्रकरण चालू होतं आणि मी बोट ठेवून मागे मागे जात होते. बोटाखालची ओळ आली नाही. पुढचीच आली. मी वर पाहिलं. वडील पुस्तकातच बघत होते. थोड्या वेळानं पुन्हा तसंच झालं. टोळ आले, पण पीक खाऊन गेलेले टोळ आले नाहीत, थेट पुन्हा भरलेली खळी आली. मेंढपाळाच्या पुस्तकातून तर काही उरलंच नाही, त्यात ठेवण्यासारखं गोड असं फारसं नव्हतंच. माणूस वाचता वाचता सुकून गेलेल्या विहिरी, पडलेल्या मुली, रडणारे रस्ते चुकवत चालला होता. आवाज तसाच, भरदार. तोच आवाज ज्याच्यासाठी आई घर सोडून आली होती. मला कळेना रागवावं की उठून त्यांचे पाय धरावेत. आई डोळे मिटून पडली होती. मधेच तिला झोप लागायची, मधेच ती "हं" म्हणायची.

शेवटच्याचं शेवटचं पान आलं. त्यांनी भट्टी गाळली आणि सूर्य वाचला. त्याच्या पुढे अगदी शेवटी एक शापाची धमकी आहे, बारांचं सगळं बोलणं तिथं संपतं. तीही गाळली. पुस्तक मिटलं.

आईनं डोळे उघडले. "झालं?"

"झालं."

"अजान झाली का गं?" तिनं मला विचारलं.

मी म्हणाले, "न्हाई अजून."

ती वडिलांकडे बघत राहिली. मला वाटलं झोपेत आहे. मग म्हणाली, "इतक्या वर्षांत अजानीच्या आधी तुमचं कधी झालं न्हाई. मी दाळ-भात करून यायची तरी तुमचं चालूच असायचं." वडील चष्मा पुसत होते. "गाळलं तुम्ही," आई म्हणाली. "तुम्ही गाळलं."

वडिलांच्या हातातून चष्मा मांडीवर पडला.

"म्हंजे डॉक्टरनं हात टेकले," आई म्हणाली. "त्याबिगर तुम्ही एक शब्द गाळनार न्हाई."

तेव्हा त्यांनी सांगितलं. फेब्रुवारीत काय म्हणाले ते, जसंच्या तसं. मी मधे पडायला गेले तर आईनं हातानं मला थांबवलं. तिचा हात इतका हलका होता की मला तो लागलासुद्धा नाही. सगळं ऐकून तिनं एवढंच विचारलं, "फेब्रुवारीत मी चालत होते ना?"

"हो," वडील म्हणाले.

"जिन्यावरून चढून आल्ते दवाखान्यात."

"हो."

"मंग फेब्रुवारीत मला जाफराबादला जाता आलं असतं." ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. "उद्या जीप सांगा," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जीप आली. मागच्या बाकड्यावर गादी टाकून आम्ही तिला आडवं केलं. रस्ता तेव्हाचा, प्रत्येक खड्ड्याला ती ओठ चावायची. राजूरला पोचलो तर तिथल्या गणपतीची चतुर्थी, माणूस माणसाला लागलेलं, नारळ-फुलांच्या गाड्या रस्त्यात. जीप ऊन डोक्यावर घेऊन उभी राहिली. आईला ओकारी झाली, मग रक्त पडलं. तिनं विचारलं, "किती राह्यलं?" मी म्हणणार होते, आलंच. वडील म्हणाले, "निम्मं." ती बराच वेळ जीपच्या ताडपत्रीकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "न्हाई जमत. फिरवा."

तिथं गर्दीत वडिलांना जाफराबादकडचा एक ओळखीचा माणूस भेटला, मामाच्या गावाचा. वडिलांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की तुमच्या गावच्या लेकीचे शेवटचे दिवस आहेत, भावाला म्हणावं असशील तसा ये. माझ्या समोर सांगितलं, स्पष्ट सांगितलं. तो माणूस हो हो म्हणाला.

आई त्यानंतर आठवडाभर होती. मामा आला नाही. ती दारात पावलं वाजली की मान वळवायची. वडील या वेळी सलग वाचत होते, रोज थोडं, काही न गाळता. काकूंना त्यांनी दारातूनच परत पाठवलं, तेही जरा जोरात बोलून. कसलं समाधान मिळत होतं आईला त्या भट्ट्या आणि उद्ध्वस्त शहरं ऐकून, मला माहीत नाही. ती ऐकायची आणि मधे मधे वडिलांशी हळू बोलायची. मी चहा घेऊन गेले की दोघंही गप्प व्हायची. एका पहाटे ती गेली. संध्याकाळी मातीला दिलं.

तिसऱ्या दिवशी एक उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस फाटकातून आत आला. धोतर, टोपी, हातात आंब्यांची पिशवी. त्याचे डोळे हुबेहूब आईचे होते, म्हणून हा मामा हे मला कुणी सांगावं लागलं नाही. तो म्हणाला, "बहिनीची तब्येत नरम हाय म्हनून कळलं. म्हनलं जाऊन यावं."

 वडिलांनी त्याला बसवलं आणि ती गेल्याचं सांगितलं. तो ऐकत होता आणि आंब्याची पिशवी मांडीवर धरून होता. "पर मला तर सांगितलं, जराशी आजारी हाय, आठवन काढली म्हनून. जराशी म्हनला तो. म्हनलं, पेरनीच्या आधीची कामं उरकावी अन् मंग जावं." त्यानं पिशवी खाली ठेवली. "जराशी म्हनला हो तो."

वाईट बातमी कोण उचलून नेतो? त्या माणसानंही वाटेत कुठंतरी निरोपातलं कडू काढून टाकलं होतं, आपल्याला वाटलं तेवढं. मला त्याचा राग आला नाही. आम्ही तेच केलं होतं, आणि त्याच्यापेक्षा जास्त दिवस केलं होतं.

मी चहा आणला. मामानं बशीत ओतला, पण प्यायला नाही. खाली बघत म्हणाला, "माझ्याबद्दल काही म्हनली का?"

मी लगेच बोलायला तोंड उघडलं. तुमची फार आठवण काढायची, तुम्हाला माफ केलं म्हणाली, शांत गेली. सगळं जिभेवर तयार होतं. अशा वेळी आपण सगळे हेच बोलतो. वडिलांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"म्हनली," वडील म्हणाले. "सांगतो. पण पहिल्यापासून सांगतो, मधलं गाळणार न्हाई. ऐकवेल का?"

मामानं मान हलवली.

"तुम्ही मेली म्हणून निरोप धाडला तेव्हा ती आठ दिवस जेवली न्हाई. मग म्हणाली, माझा भाऊ मला मेला. ते ती कित्येक वर्षं म्हणत होती. तुमच्या शेताला आग लागो असंही म्हणालीय, रागात, माझ्यासमोर. दर भाऊबीजेला घरात कुणाशी बोलायची न्हाई, दिवसभर धान्य निवडत बसायची. या मुलीचा जन्म झाला तेव्हा म्हणाली, हिचं नाक माझ्या भावासारखं आहे, आणि मग स्वतःच्याच तोंडावर मारून घेतलं. या जानेवारीत तिला वाटलं आपण बऱ्या होणार, तर म्हणाली, जाईन आणि उभ्यानं भांडीन. आम्ही तिला खरं सांगितलं न्हाई. ती चूक माझी. मग ती निघाली आणि राजूरहून परत फिरावं लागलं."

मामा बशीतल्या चहाकडे बघत होता.

"आणि जायच्या आदल्या दिवशी म्हणाली, तो आला तर त्याला जेवल्याबिगर जाऊ देऊ नका. पण मी माफ केलं असं सांगू नका त्याला. मी अजून केलेलं न्हाई. मला वेळ मिळाला असता तर केलं असतं."

 मामानं बशी फरशीवर ठेवली, अगदी हळू, जरासुद्धा वाजू न देता. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"पुन्हा सांगा," तो म्हणाला. "पयल्यापासून."

वडिलांनी पुन्हा सांगितलं. शेताच्या आगीची गोष्टही त्यांनी गाळली नाही. मी आत जाऊन कणीक मळायला घेतली.